न पुसल्या जाणाऱ्या फायली

मे महिना होता. एरंडोलला आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नांचं शूटिंग करतो आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांच्या फिल्म जोडते. त्या दिवसांत तो शिरपूरकडच्या एका लग्नात अडकला होता. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं काम आमच्याकडेच होतं आणि तिथून त्याला परस्पर धुळ्याला जायचं होतं. दुकानात मी एकटीच. सोबतीला टेबलाखालचा कॉम्प्युटर आणि खिडकीतला कूलर. त्या कूलरमधलं पाणी संपलं की तो नुसती भट्टीची हवा फेकायचा.

कॉम्प्युटर काही दिवसांपासून कुरकुरत होता. फोल्डर उघडायला वेळ लावायचा, मधेच थिजायचा आणि 'जागा शिल्लक नाही' असं सांगून काम बंद पाडायचा. मी त्याच्याशी झटापट करत असतानाच फोन वाजला.

"ताई, जय भीम. वरणगावहून बोलतेय. आमचं लग्न तुम्ही शूट केलं होतं..."

मला लगेच ओळख पटली. काम उशिरा होतंय म्हणून तक्रार असणार, असं समजून मी सुरू झाले, "हो हो, तुमचंच घेतलंय हातात, थोडंसं..."

"ताई, बाबा गेले."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का, ते माहीत नाही.

लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. सकाळी दाढी करताना छातीत दुखलं म्हणाले आणि भुसावळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. ती हे सगळं एका सुरात सांगत होती, अनेकांना सांगून सांगून पाठ झाल्यासारखं. मग म्हणाली, "रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. फिल्म, अल्बम, काही घाई नाही. बाबा लग्नात बोलले होते ना, तेवढं द्या. आईला ऐकायचंय."

ते बोलले होते, हे मला चांगलं आठवत होतं. लग्नात दुसऱ्या कॅमेऱ्यावर मीच उभी होते. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पांढऱ्या शर्टातला सडपातळ माणूस. त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं, पाहुण्यांची भाषणं झाली. मग कुणीतरी आग्रहाने त्यांच्या हातात माईक दिला. घरातसुद्धा फारसं न बोलणारा माणूस म्हणून ते सगळ्यांना माहीत होते. ते बोलायला लागले आणि जेवणाच्या पंगतीकडे निघालेली माणसं मागे वळली.

"देते," मी म्हणाले. "रविवारच्या आत नक्की देते."

फोन ठेवला आणि त्यांच्या लग्नाचं काम उघडायला गेले. ते उघडेना. जागा नाही.

आमच्याकडे आधी एक एडिटर होता. हुशार होता, पण सुरतला बरी नोकरी लागली म्हणून ऐन सीझनच्या तोंडावर गेला. वरणगावच्या लग्नाची सुरुवात त्यानेच केली होती. पहिल्या कार्डांमधलं शूटिंग त्याने कॉम्प्युटरवर घेतलं, शेवटच्या कार्डातलं मी. त्याने स्वतःसाठी वेगळं नाव आणि पासवर्ड करून ठेवला होता. त्याच्या त्या खात्यात टेम्पररी फायलींचा ढीग साचलेला. काम करताना कॉम्प्युटर स्वतःच्या सोयीसाठी अशा फायली बनवतो आणि काम झालं की त्या टाकून द्यायच्या असतात. मी जागा कशाने भरलीय ते बघितलं, तर सगळ्यात मोठा भार त्यांचाच.

माझ्या नावावरच्या टेम्पररी फायली मी आधी पुसल्या. त्या मुकाट्याने गेल्या. मग त्याच्या पुसायला घेतल्या, तर पडद्यावर एकच उत्तर: परवानगी नाही. पुन्हा दाबलं. परवानगी नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सेफ मोडमध्ये नेला, इंटरनेटवर जे जे सांगितलं होतं ते ते केलं. फायली जागच्या हलल्या नाहीत. सुरतला फोन लावला तर तो उचलेना. कामावर असेल.

त्यात अँटिव्हायरसने लाल खिडकी उघडून सांगितलं की काहीतरी संशयास्पद सापडलंय. काय सापडलं ते मात्र सांगेना. मुदत संपली आहे, आधी नवीन घ्या म्हणे. आता माझ्या डोक्यात पक्कं बसलं की व्हायरस त्या न पुसल्या जाणाऱ्या फायलींमध्येच आहे. उगाच कुठलीही फाईल इतका हट्ट करेल का? आदल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने गाण्यांचा पेन ड्राइव्ह आणला होता. तो लावल्यापासूनच हे सुरू झालं, असंही वाटायला लागलं.

मग मी दोन गोष्टी केल्या. न पुसल्या जाणाऱ्या फायली पुसून देतो असं सांगणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आणि जागा करावी म्हणून आमची बॅकअपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला लावून मोठे फोल्डर तिच्यावर हलवायला सुरुवात केली. दोन्ही कामं सुरू ठेवून मी जेवायला घरी गेले. घर दुकानाच्या मागेच आहे.

परत आले तर पडद्यावरचं चित्र बदललेलं. काळा पडदा, त्यावर इंग्रजीत मजकूर. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा.

मला पहिल्यांदा ती जाहिरात वाटली. तो मजकूर बंद केला आणि वरणगावचं फोल्डर उघडलं. प्रत्येक फाईलच्या नावापुढे कसलीतरी अक्षरं चिकटलेली. एक उघडून पाहिली, उघडत नाही. दुसरी नाही. हळदीची, मंडपाची, भाषणांची, एकही नाही. बॅकअपची डिस्क उघडली. तिच्यावरही तीच अक्षरं. ते फुकटचं सॉफ्टवेअर मीच उतरवलं होतं, आणि ही डिस्कही मीच स्वतःच्या हाताने लावून गेले होते.

कॅमेऱ्याची मूळ कार्डं? सीझनमध्ये कार्डं रिकामी करून पुढच्या लग्नाला वापरावीच लागतात. ती तेव्हा शिरपूरला होती, दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीने भरलेली.

मी वायर खेचून कॉम्प्युटर बंद केला आणि जमिनीवर बसले. फरशी गरम होती. नवऱ्याला फोन लावला. मागे बँड वाजत होता आणि त्याला काही ऐकू येईना.

"सगळं गेलं," मी ओरडले.

"काय गेलं? लाइट?"

"वरणगावचं लग्न गेलं! सगळी लग्नं गेली!"

तो बँडपासून लांब गेला असावा, आवाज कमी झाला. मी सांगितलं ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कॉम्प्युटर उचल आणि जळगावला घेऊन जा. आता त्याला हात लावू नकोस." त्याला काही इलाज माहीत होता असं नाही. पण रागावला नाही, आणि त्यामुळे मला जास्तच रडायला आलं.

सासूबाई चहा घेऊन दुकानात आल्या आणि दारातच थबकल्या. "काय जायं वं? तोंड कसं उतरी गयं तुन्हं?"

त्यांना व्हायरस वगैरे काय सांगणार. मी म्हटलं, लग्नाचे फोटो पुसले गेले, त्या मुलीचे वडील वारलेत. त्या थोडा वेळ माझ्याजवळ खाली बसल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला, आणि चहा तसाच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधून मी जळगावच्या गाडीत बसले. मांडीवर ते धूड. कंडक्टर हसून म्हणाला, "ताई, याचंबी तिकीट काढू का?" मी हसले नाही. रस्ताभर मनात एकच चाललेलं: त्या मुलीला काय सांगायचं? कॉम्प्युटर बिघडला म्हणायचं आणि रविवार जाऊ द्यायचा? की खरं सांगायचं, की तुझ्या बाबांचं जे एकच बोलणं कुणी धरून ठेवलं होतं, ते आमच्याकडून हरवलं?

नव्या बसस्टँडजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती करणारे गृहस्थ माझ्या वयाचेच होते. त्यांनी डबा उघडला, आतली डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि बराच वेळ बघत बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

"ही कुलपं उघडत नाहीत, मॅडम," ते म्हणाले. "आमच्याकडे अशा केस येतात. किल्ली त्यांच्याकडेच असते, आणि पैसे देऊनही देतील याचा भरवसा नाही. तुम्ही देऊही नका. फॉरमॅट मारून देतो, मशीन चांगलं होईल."

"मशीन काय करू मी?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या दुकानातल्या माणसाने डोकावून पाहिलं. "मला एका माणसाचं भाषण पाहिजे. तो माणूस आता नाहीये. दहा-पंधरा मिनिटांचं असेल. तेवढं काढून द्या, बाकी सगळं जाळून टाका."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. वर पत्रा तापलेला, खाली रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. तेवढ्यात फोन वाजला. वरणगाव. मी तो वाजू दिला. पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. तिसऱ्यांदा मात्र उचलला.

"ताई, झालं का हो? मंडपवाल्याला स्क्रीनचं सांगायचं होतं."

खरं सांगायचं ठरवून मी तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "मी त्यासाठीच जळगावला आलेय. संध्याकाळी कळवते." फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड आली. काय कळवणार होते मी संध्याकाळी?

आत गेले तेव्हा ते फॉरमॅटच्या तयारीत होते. मी म्हटलं, एकदा मला बघू द्या. काय बघायचं होतं कुणास ठाऊक. नुसतं त्या यादीवरून नजर फिरवायची होती, निरोप घेतात तशी. त्यांनी खुर्ची दिली. फोल्डरमागून फोल्डर, सगळीकडे तीच विचित्र अक्षरं. आणि मग त्या जुन्या एडिटरच्या नावाचं फोल्डर आलं.

त्यातल्या नावांना ती अक्षरं नव्हती.

"ह्या कशा वाचल्या?" मी विचारलं.

ते पुढे वाकले. "ह्या दुसऱ्याच्या खात्यातल्या दिसतात. व्हायरस तुमच्या नावाने चालला असणार. तुम्हाला ज्याची परवानगी नाही, त्याला त्याचीही नाही. असं असू शकतं. पण ह्या तर टेम्पररी फायली आहेत, मॅडम. कचरा."

आदल्या दिवशी ज्यांच्यावर मी दात-ओठ खाल्ले होते, त्याच त्या फायली. मी पहिल्यांदाच त्यांची नावं नीट वाचली. प्रत्येक नावात एक आकडा होता, आणि तसले आकडे मी ओळखत होते. कॅमेरा प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतो. ते वरणगावच्या लग्नाचे क्रमांक होते.

सुरतला पुन्हा फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"वहिनी, सॉरी, काल मशीनवर होतो..."

"ते राहू दे. तुझ्या खात्यात टेम्पररी फायली आहेत, नावात क्लिपचा नंबर असलेल्या. काय आहेत त्या?"

"त्या होय? आपण शूटिंग आत घेतलं की सॉफ्टवेअर त्यातला आवाज काढून वेगळा ठेवतं, काम पटपट व्हावं म्हणून. त्या आवाजाच्या फायली आहेत. पुसून टाका, काही होत नाही."

"नुसता आवाज? पूर्ण?"

"पूर्ण. चित्र नाही." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. "वहिनी, काय झालं?"

मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग बिलकुल पुसू नका. मी फोन ठेवत नाही."

दुरुस्तीवाल्यांनी त्या फोल्डरची मालकी आपल्या कॉम्प्युटरकडे घेतली आणि मला हव्या होत्या त्या फायली वेगळ्या केल्या. आवाजाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये पहिली टाकली. स्पीकरमधून नुसता खरखराट आला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. सुरतवरून तो सेटिंग सांगत होता, हे बदला, ते बदला. पुढच्या खेपेला आवाज आला, पण इतका संथ आणि घोगरा, की माणसाचा वाटेना. "वेग बदला," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीस हजार करा."

बदलला. आणि खोलीत अचानक ढोल वाजला, बायकांचा गलका आला, कुणीतरी "पाणी इकडे द्या रे" म्हणून ओरडलं. एक अख्खा मंडप. तिथे चित्र काहीच नव्हतं, पडद्यावर फक्त हिरव्या रेघा थरथरत होत्या. मी तोंडावर हात दाबून बसले. दुरुस्तीवाले एक एक फाईल लावत गेले: वरात, स्वागत, पंचशील, पाहुणे. आणि मग माईकवर कुणीतरी दोनदा फुंकर मारली.

"मला बोलता येत नाही," वरणगावचे ते गृहस्थ म्हणाले. "कारखान्यात मशीनच्या आवाजात आयुष्य गेलं. तिथं ओरडावं लागतं. म्हणून घरी आलो की गप्प बसायचो. पोरीला वाटायचं बाबा रागावलेत."

मंडपात हसू उसळलं होतं, ते ऐकू आलं. पुढे ते सायकलबद्दल बोलले. मुलीला दांडीवर बसवून शाळेत सोडायचे, आणि ती शाळेच्या आधीच उतरायची, कारण तिला मैत्रिणींसमोर एकटीने चालत गेल्याचं दाखवायचं असायचं. "मी मागे थांबून बघायचो, गेटातून आत जाईपर्यंत. तिला वाटायचं मी गेलो." व्याह्यांना म्हणाले, हिला सकाळी लवकर भूक लागते, कुणाची वाट बघायला लावू नका. आणि मग आवाज जरा खाली आला. "शेवटचं एकच सांगतो. ह्या मुलीला कधी..."

तिथे फाईल संपली.

कॅमेरा लांबलचक शूटिंगचे तुकडे करतो, आणि पुढचा तुकडा शेवटच्या कार्डावर होता. ते कार्ड मी स्वतः आत घेतलं होतं, माझ्या खात्यात. त्याच्या आवाजाची टेम्पररी फाईल मी आदल्याच दिवशी पुसली होती, विनातक्रार गेली होती ती. तिथे पुसलेलं परत मिळवायचाही त्यांनी प्रयत्न केला. पण व्हायरसने कुलपं लावताना त्या जागेवर दुसरं काही लिहून टाकलं होतं. नाहीच मिळालं.

मी एरंडोलला परतले नाही. ती फाईल पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलमध्ये घेतली, कॉम्प्युटर तिथेच सोडला आणि भुसावळमार्गे वरणगावला गेले. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं.

दार मुलीनेच उघडलं. आत आई भिंतीला टेकून बसलेली, दोन-तीन नातेवाईक बायका, आणि नवा जावई स्टूलवर अवघडून. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. व्हायरस, कुलूप, बॅकअप, गेलेली फिल्म. काही लपवलं नाही. सांगताना जमिनीकडे बघत होते. मग वर पाहिलं. मुलीचे डोळे कोरडे होते आणि ते मला बघवेनात.

"म्हणजे काहीच नाही?" ती म्हणाली.

"आवाज आहे. पूर्ण नाही, शेवट तुटलाय."

मी मोबाइल मधोमध ठेवला आणि लावला. माईकवरची फुंकर आली, तशी आई ताठ बसली. हसू आलं त्या जागी मुलगी हसली, आणि सायकलपाशी तिने ओढणी तोंडाला लावली. "मागे थांबायचे?" ती हळूच म्हणाली. लग्नाच्या गडबडीत तिने हे ऐकलंच नव्हतं, की ऐकून विसरली होती. "शेवटचं एकच सांगतो. ह्या मुलीला कधी..." आणि शांतता.

इतक्यात आई म्हणाली, "'ह्या मुलीला कधी खोटं बोलायला लावू नका', असं म्हटलं होतं त्यांनी."

"नाही गं आई. 'ह्या मुलीला कधी गप्प बसवू नका' म्हणाले."

"मी तिथंच होते ना."

"मी पण तिथंच होते!"

मलाही ते वाक्य सांगता येईना; तोवर मी माझा कॅमेरा घेऊन पंगतीकडे गेले होते. दोघींनी जावयाकडे पाहिलं. तो बिचारा उठून उभाच राहिला. "मला खरंच आठवत नाही," तो म्हणाला. "त्या फेट्यात मला काही ऐकूच येत नव्हतं." यावर एक नातेवाईक बाई फिस्सकन हसली, मग आई हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. मुलगी तिच्याजवळ गेली. त्या दिवसांत आई पहिल्यांदाच मोकळी रडली, असं मला नंतर कळलं.

मी पुन्हा माफी मागितली, चित्र नाही याची. आई डोळे पुसत म्हणाली, "चित्र असतं तर बरं झालं असतं. पण ते बोलत होते तेव्हा मी तरी कुठं त्यांच्याकडे बघत होते? मी हिच्या सासरच्यांची तोंडं बघत होते." मग मोबाइलकडे हात केला. "लाव ना, पहिल्यापासून."

रविवारी त्यांनी तो आवाज मंडपात लावला. मी गेले होते. समोर पांढऱ्या फुलांत त्यांचा फोटो, आणि भोंग्यातून त्यांचं बोलणं. तुटलं त्या जागी कुणीच चुळबुळ केली नाही.

त्या लग्नाची फिल्म शेवटपर्यंत झाली नाही. नवऱ्याने आणि मी नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून एक अल्बम केला. वडील त्यात पाच-सहा ठिकाणी दिसतात, बहुतेक ठिकाणी कडेला, अर्धे कापलेले. आता आम्ही प्रत्येक लग्न दोन डिस्कवर ठेवतो आणि एक डिस्क कायम कपाटात, वायरीपासून लांब. हे शहाणपण त्या घराच्या काही उपयोगाचं नव्हतं. मुलगी अजून अधूनमधून विचारते, "ताई, तो शेवटचा तुकडा कुठे सापडला का हो?" आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागतं.